तेराच्या वर, सोळाच्या खाली

"अम्मा, पिन!" दर्शिनी हॉटेलाबाहेरच्या कट्ट्यावर बसलेलं पोर ओरडलं, आणि त्याच्या आईने कॉफीवर फुंकर घालता घालता, मान वर न करता, चार आकडे कन्नडमध्ये सांगून टाकले. पोराने टॅबलेटवर बोट आपटलं, कुठलंसं कार्टून कुलपातून सुटल्यासारखं किंचाळत सुरू झालं आणि आई पुन्हा मैत्रिणीशी बोलायला लागली. बाजूला उभ्याने इडली खाणाऱ्या बिंदुमाधवचा हात चटणीपाशीच थांबला. इतकं फुकट? काही विचारायचं नाही, काही मागायचं नाही, पोराच्या तोंडाकडे एकदा बघायचंसुद्धा नाही? जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमध्ये शुक्रवारची संध्याकाळ नुसती तुंबली होती, फुलवाल्या, रिक्षा, पाणीपुरीभोवती कोंडाळं करून उभ्या कॉलेजच्या मुली, आणि त्या सगळ्यात हा माणूस एका अनोळखी बाईवर मनातल्या मनात चिडून उभा होता. मग त्याने खिशातला फोन काढून पाहिला. आवाज चालू होता. कोणाचा फोन आलेला नव्हता. त्याने इडली संपवली, हात धुतला, आणि ओल्याच हाताने फोन पुन्हा एकदा पाहिला.

आज यायला हवा होता तो फोन. सकाळीच ती मालिका लागली होती, वसतिगृहातल्या मुलींची, दुसरा सीझन. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत 'सोळा वर्षांवरील' असं लिहिलेलं, आणि ते लिहिणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, तो स्वतःच होता. पुण्यात शाळा सुटली असेल. त्याची मुलगी कस्तुरी घरी आली असेल, दप्तर सोफ्यावर फेकून तिने टीव्ही लावला असेल, मालिकेचं चित्र दाबलं असेल आणि समोर चार रिकाम्या चौकटी आल्या असतील. पालकांचा पिन टाका. त्या चौकटींत भरायचे आकडे अख्ख्या जगात एकालाच ठाऊक होते आणि तो इथे रिक्षाला हात करत उभा होता. "जे. पी. नगर, बरतीरा?" येणार का, असं त्याने विचारलं. रिक्षावाल्याने मीटरपेक्षा जास्तच सांगितले. बिंदुमाधव नेहमी घासाघीस करायचा, आज नुसता बसला. रिक्षाच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही म्हणून त्याने तो हातातच धरला.

कुलपाचं हे खूळ त्याच्या रक्तातच असावं. चामराजपेटला उदबत्तीवाल्यांच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचा पहिला टीव्ही आला तेव्हा त्याला लाकडी पट्ट्यांचं सरकतं दार होतं आणि दाराला कुलूप. त्याची चिमुकली किल्ली अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, जानव्याला बांधली. बायकांच्या सोन्याच्या पेटीची किल्ली कमरेला असायची, आणि टीव्हीची वडिलांच्या जानव्याला! हिशेबखात्यात कारकुनी करणारा हा अबोल माणूस संध्याकाळी आला की पोरं त्याच्यासमोर उभी राहायची. अण्णा, किल्ली. मग अण्णा म्हणायचे, एकोणिसाचा पाढा म्हण. किंवा श्लोक म्हण. किंवा नुसतंच, शाळेत आज काय झालं ते सांग. सांगून झालं की ते पुढे वाकायचे, जानवं पुढे ओढायचे आणि पोरानेच किल्ली कुलपाला लावायची, कारण जानवं काही अंगातून निघत नसे. त्यांच्या छातीपाशी इतकं जवळ जायची तेवढीच एक वेळ. घाम, चंदन, खादीच्या सदऱ्याचा करकरीत वास. सिनेमात नायक-नायिका झाडामागे गेले की अण्णा उठून खर्रकन दार सरकवायचे, आतून गाणं चालूच राहायचं आणि सगळं घर बंद लाकडाकडे टक लावून बसायचं. बिंदुमाधवला त्या झाडामागचं काही बघायची हौस कधी फारशी नव्हतीच. त्याला कुलूप उघडायला आवडायचं. पुढे रिमोटचा टीव्ही आला, कुलूप गेलं, आणि अण्णांशी बोलायचं कारणच उरलं नाही. ते गेले तेव्हा त्यांचा आवाज आठवायला बसला तर त्याला फक्त पाढे आठवले.

नियम वाचून ज्यांना धीर येतो अशी माणसं जगात थोडी. बिंदुमाधव त्यांतला एक. सरकारचे नवे नियम आले, की घरोघरच्या पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक मालिकेला वयाची पाटी लावा, सगळ्यांसाठी, सातच्या वर, तेराच्या वर, सोळाच्या वर, फक्त प्रौढांसाठी. तेराच्या पुढच्या सगळ्याला कुलपाची सोय द्या. तक्रारी ऐका आणि मुदतीत उत्तरं द्या. हे आलं तेव्हा मालिका दाखवणाऱ्या त्याच्या कंपनीतल्या पोरांनी कपाळाला हात लावला होता. याने मात्र तो मसुदा घरी नेऊन दोनदा वाचला होता. छाननी विभागात मराठी आणि कन्नड मालिकांवर शेवटची सही त्याची. शिव्या किती, रक्त किती, मिठी कुठवर मिठी आणि कुठून पुढे आणखी काही, हे तो दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघायचा आणि संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातचा सारभात जेवायचा. शलाका चेष्टेने म्हणायची, "जगातलं सगळं अश्लील तू बघतोस आणि बायकोचा हात धरायला लाजतोस." चेष्टा होती तोवर ठीक होतं. शलाका पुण्याची, इथे नोकरीला आलेली, भडाभडा बोलणारी. तिला बोलणारा माणूस हवा होता. हा नाकासमोर चालणारा, विचारलं तर उत्तर देणारा. भांडणं झाली असती तर कदाचित संसार टिकलाही असता. तसं काही झालं नाही, आणि कस्तुरी दहाची असताना दोघी पुण्याला गेल्या.

गेल्यावर महिन्याभरात शलाकाने एकच मागितलं. "थोडे दिवस तू तिला फोन करू नकोस. तुझा फोन झाला की रात्रभर रडते रे ती. तिला करावासा वाटला तर ती करेल." त्याने बरं म्हटलं. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आपल्या कामात तो दर वर्षी जुन्या पाट्या काढून पुन्हा तपासायचा, ही पाटी मात्र लागली ती लागलीच. वाढदिवसाला, दिवाळीला आई पुण्याला फोन लावायची, नातीशी मनसोक्त बोलायची आणि शेवटी फोन त्याच्या हातात द्यायची. "कशी आहेस?" "मजेत." "अभ्यास?" "चालू आहे." मे महिन्यात आठवडाभर ती यायची, ह्या वर्षी कसल्याशा शिबिरामुळे तेही राहिलं. त्याने मूग गिळून सोसलं. आपण दिलेला शब्द पाळतोय याचा त्याला थोडा अभिमानही होता, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पण पिन होता. टीव्हीचं खातं त्याच्याच नावावर राहिलं होतं, बदलायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि बाराच्या कस्तुरीला तेराच्या वरचं बघायचं असायचं. पहिल्यांदा फोन आला तेव्हा तो एका खुनाचा प्रसंग मागेपुढे करून तपासत होता. "अप्पा, पिन काय आहे?" त्याच्या तोंडून निघून गेलं, "आधी गोष्ट सांग. आत्तापर्यंत काय झालं?" ती वैतागली. मग सांगायला लागली. सांगता सांगता रंगली. वसतिगृहातली ती उंच मुलगी, तिची खोलीतली मैत्रीण, खडूस वॉर्डन, आणि मग, "आमच्या वर्गात पण अशीच एक आहे ना अप्पा," आणि मग वर्ग, आणि मग नवी बाई, डबा, केस कापले ते, दात काढला तो. शेवटी पिन. फोन ठेवला की बिंदुमाधव लगेच पिन बदलायचा. पुढच्या खेपेला ती म्हणायची, "बदललास ना पुन्हा? दुष्ट आहेस तू." त्या 'दुष्ट' शब्दावर त्याचा आठवडा निघायचा. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तो ऐकत असायचा, येणारेजाणारे म्हणायचे आज साहेब हसतायत, आणि तिकडे ती त्याला न लाभलेल्या एका घरातली एकेक वस्तू दाखवत असायची. त्याला कळत होतं की हा आपण जकातनाका बसवलाय. कळत होतं, आणि तरी तो पिन बदलत होता.

मग ती तेराची झाली. शलाकाचा निरोप आला, 'तिचं वय बदल ना प्लीज, सारखं पिन पिन करते.' नियम तो नियम. त्याने स्वतःच्या बोटाने बारा पुसून तेरा केलं. कुलूप उघडलं आणि फोन बंद झाले. एक रविवार गेला, पुढचा गेला. मग रविवार मोजणं त्याने सोडून दिलं. संध्याकाळी त्याला एक चमत्कारिक सवय लागली, टीव्ही लावायचा आणि मनातल्या मनात कोणाला तरी पुढची गोष्ट सांगायची. आपल्याला काय हवंय हे त्याला नीट ठाऊक होतं. पोरीचा आवाज हवा होता. कुठल्याही मालिकेची कुठलीही रटाळ गोष्ट सांगणारा, मध्येच नाक ओढणारा तो आवाज.

अशात तो दुसरा सीझन छाननीला त्याच्या टेबलावर आला. आधीचा तेराच्या वरचा. हाही तेराच, असं बाकीच्यांचं मत होतं. एका भागात एक लांबलचक प्रसंग होता. उंच मुलीचे आईबाप वेगळे होतायत, ती वसतिगृहाच्या पायऱ्यांवर फोन हातात घेऊन बसते, आणि कॅमेरा हलतच नाही. बिंदुमाधव म्हणाला, "हे कोवळ्या मुलांना झेपणारं नाही. मानसिक क्लेश. सोळा." त्याच्या शब्दावर सहसा कोणी बोलत नसे. सही करताना हात अडखळला का? नाही. हीच तर गंमत होती. त्याला खरंच वाटत होतं की कस्तुरीने हे एकटीने बघू नये. आणि त्याच वेळी, त्याच पेनाने, त्याला दिसत होतं की सोळा म्हटलं की कुलूप, कुलूप म्हटलं की पिन, पिन म्हटलं की "अप्पा". दोन्ही खरं होतं. त्यातलं किती टक्के कुठलं, हे तपासणारा विभाग कुठल्याच सरकारने काढलेला नाही. एका पोरीचा फोन यावा म्हणून महाराष्ट्रभरच्या तेरा-चौदा-पंधराच्या पोरींसमोर त्याने खर्रकन दार सरकवलं होतं.

घरी आई भाजी निवडत बसली होती. सगळ्या चामराजपेटची ती कमलाक्का. पोटचा मुलगाही तिला अक्काच म्हणायचा. "ऊट आत्ता करतोस का स्वल्प वेळाने?" तिने विचारलं. त्याने जेवायला नंतर बसतो म्हटलं आणि फोन ताटलीशेजारी ठेवला. अक्का बघत होती.

"कोणाची वाट बघतोस रे?"

"कोणाची नाही."

"पोरीची बघतोस. तू कर की फोन. बोट मोडतं का तुझं?"

"अक्का, शलाकाला शब्द दिलाय."

"कधी दिलास? पोर एवढी होती तेव्हा. आता माझ्याहून उंच झाली असेल ती." अक्काने शेंगेचं डेख मोडलं. "तुझा अण्णा पण असाच. मी विचारायची, लेकराशी बोलत का नाही? तर म्हणायचा, तो येतो ना किल्ली मागायला. येतो तेव्हा बोलतो की. सरी, ठीक, म्हटलं. किल्ली गेली, तो बोलायचा थांबला. रात्री अंथरुणात मला विचारायचा, बिंदू आज काय म्हणत होता गं."

हे त्याला ठाऊक नव्हतं. तो जेवला नाही. गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि खाली पार्किंगमध्ये सायकली गोल गोल फिरवणाऱ्या पोरांकडे बघत बसला. अण्णांनी विचारलं होतं तर. पलीकडच्या खोलीत, पांघरुणात, बायकोला. मधे एक भिंत होती, ती ओलांडायला चार पावलं पुरली असती, आणि इकडच्या बाजूला तो मुलगा जागाच असायचा. आपलं हे सगळं वागणं आपलं नव्हेच, कोणाचं तरी वापरून जुनं झालेलं आपण अंगात घातलंय, असं बिंदुमाधवला वाटलं, आणि वाटूनही तो फोनकडे बघत वाटच पाहत राहिला. शनिवारही तसाच गेला. रविवारी शलाकाचा निरोप आला. 'काल दिवसभर कस्तुरी मैत्रिणीकडे होती, स्मृतीकडे. तुमचा तो अख्खा सीझन बघून आली. सोळा कसं केलंत रे? उगाच.' पुढे एक हसरा चेहरा. तो चेहरा बघून बिंदुमाधवलाही हसू आलं, आणि मग हसू थांबवता येईना, आणि मग डोळे पुसावे लागले. सगळ्या राज्याला कुलूप घातलं होतं आणि पोरगी शेजारच्या दाराने आत जाऊन बसली होती! पिन तिला लागलाच नव्हता. कोणालाच लागला नव्हता, त्याच्याशिवाय.

सोमवारी निर्मात्यांचा अर्ज आला होता, पाटीचा फेरविचार करा म्हणून. प्रणीत लॅपटॉप घेऊन आला. नागपूरहून नुकताच लागलेला पोरगा, बोलताना हात हलवणारा. दोघांनी तो प्रसंग पुन्हा लावला. पायऱ्या, संध्याकाळचा उजेड, आत कुठे तरी जेवणाची घंटा. उंच मुलगी फोन उलटा ठेवते. सुलटा करते. पदराच्या, नव्हे ओढणीच्या टोकाने त्याची काच पुसते. मैत्रीण जेवायला बोलावून जाते, ती उठत नाही. बिंदुमाधवने हे आधीही पाहिलं होतं, पण तेव्हा तो पाटी शोधत होता.

"सर, रागावू नका," प्रणीत म्हणाला, "पण ऑनेस्टली, यात सोळाचं काय आहे? शिवी नाही, मारामारी नाही. पोरगी फक्त बापाच्या फोनची वाट बघून राहिली आहे."

"बापाच्या?"

"मग कोणाच्या? मागच्या भागात तो म्हणतो ना, तुला वाटलं की कर. तिला वाटतं तो करेल. तो काही करतच नाही शेवटपर्यंत. मला तर जाम राग आला त्याचा."

पडद्यावर मुलगी तशीच बसली होती. कॅमेरा हलत नव्हता. बिंदुमाधवला वाटलं, हलावा, कृपा करून हलावा, आणि मग त्याने आपणच हात पुढे करून चित्र थांबवलं. रडून पोर झोपत नाही म्हणून थांबवलेला फोन. तीन वर्षांपूर्वीचं ते रडणं केव्हाच संपलं असेल, आणि त्यानंतरच्या किती संध्याकाळी ती नुसतीच बसली असेल? पिन मागायला फोन करायची तेव्हा तिला खरंच पिनच हवा असायचा का? त्याने कधी विचारलं नव्हतं. तो फक्त गोष्ट मागायचा, आणि ती मुकाट्याने देत राहायची.

"तेरा करा," तो म्हणाला. "चूक झाली माझी. असंच लिहा."

"चूक कशाला सर, मत बदललं असं लिहितो ना."

"नको. चूकच लिहा. आणि आजच्या आज बदलायला सांगा."

तो जिन्यात गेला नाही. गच्चीवर गेला. दुपार टळून गेली होती, पाण्याच्या टाक्यांमागे मेट्रोचा पूल, त्याच्यावरून एक गाडी आवाज न करता सरकत होती. शलाकाला आधी विचारावं असं मनात आलं. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, कदाचित म्हणाली असती की अरे, मी कधीची विसरले. पण मग ती परवानगी झाली असती. त्याने नाव शोधलं, बोट ठेवलं. कानाशी घंटा वाजायला लागली तसा तो टाकीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला.

"अप्पा?" आवाज बदलला होता, जरा जाड झाला होता. आणि लगेच, घाबरून, "काय झालं? आजीला काय झालं?"

हा तिच्या मनात आपल्या फोनचा अर्थ. बाप आपणहून फोन करतो तो कोणी गेल्यावर.

"कोणाला काही झालेलं नाही, कस्तू. आजी मस्त आहे. सकाळी मला ओरडलीसुद्धा."

"नक्की? खोटं नको सांगूस हं."

"नक्की."

"मग फोन का केलास?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मालिकेची पाटी बदलली हे होतं, पिन आता लागणार नाही हे होतं, दुसरा सीझन तुला कसा वाटला हेही चाललं असतं. एकेक कारण तोंडाशी येऊन उभं राहिलं आणि त्याने एकेकाला बाजूला सारलं.

"तुझी आठवण येते," तो म्हणाला. "रोज येते. म्हणून केला."

पलीकडे लांबून कुकरची शिट्टी, आणि शलाकाचं "कोण आहे गं?" कस्तुरीने तोंड फोनपासून दूर नेलं असावं.

"माझा फोन आहे, आई."

मग पुन्हा जवळ येऊन, घाईघाईने, "अप्पा, थांब. ठेवू नकोस. मी गॅलरीत येते."

चपलांचा आवाज आला. कडी अडकली, तिने ती जोरात ओढली, दार उघडलं आणि मागून बंद झालं. पुण्याच्या कुठल्याशा रस्त्यावरचे हॉर्न एकदम त्याच्या कानात शिरले.

"हं," कस्तुरी म्हणाली. "आता बोल."